डोळे मिटून बॉक्स घे

पुणे,
२२ एप्रिल

प्रिय मन्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर लिहायला घेतलं, अंगठा दुखायला लागला, म्हणून सरळ कागद काढला. तुझा प्रश्न असा की चिनू आणि तिच्या मैत्रिणींना सुट्टीत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत साहसाची गोष्ट खेळायचा खेळ) शिकवायचंय, तर जाडी पुस्तकं घेऊ की नवशिक्यांसाठीच्या स्टार्टर सेटचा बॉक्स? बॉक्स घे. डोळे मिटून घे.

तू म्हणशील, हा स्वतः तीन हार्डबाउंड घेऊन बसलाय. बसलोय खरा! त्यातलं खेळाडूंचं एकच पुस्तक तीनशे पानांच्या वर. आम्ही पाच जण, पुस्तक एक. एकाने जादूगाराचे मंत्र वाचत बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत भडंग खायचं. कॅरेक्टर, म्हणजे खेळातलं आपापलं पात्र, बनवण्यात चार रविवार गेले, पाचव्या रविवारी दोघांनी दांडी मारली. एकही गॉब्लिन (खेळातला छोटा राक्षस) मेला नाही.

नंतर २०१४ चा स्टार्टर सेट हाती लागला. नियमांचं ३२ पानी पुस्तक, साहसाचं ६४ पानी, पाच तयार कॅरेक्टर, सहा फासे. संपलं सामान. सगळं सुटं असल्यामुळे प्रत्येकाच्या हातात स्वतःचा कागद, नियमांचं पुस्तक टेबलावर फिरतंय आणि साहसाचं डीएमच्या, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याच्या, मांडीवर. गोष्टही थेट रस्त्यावरच सुरू होते. मालाची गाडी घेऊन निघालात, वाटेत दोन घोडे मरून पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण. पुढचं तुला सांगत नाही, पण अर्ध्या तासात आमचे फासे टेबलाखाली गेले होते.

गणपतीत पूजेच्या साहित्याची तयार पिशवी मिळते ना, तसं आहे हे. गुरुजी जानवं म्हणाले की हात घालायचा, जानवं हजर. सुटं सामान गोळा करणारा मात्र ऐन आरतीला कापरासाठी चप्पल शोधत असतो.

अर्थात नुसतं खोकं असून भागत नाही. (राजकारणातलं नव्हे, पुठ्ठ्याचं.) १९७४ साली हा खेळ पहिल्यांदा आला तोही बॉक्समध्येच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचा. हजार प्रती, लाकडाच्या नक्षीचं खोकं, आत तीन पुस्तिका. फासे? नाहीत. वर साहित्याच्या यादीत आणखी दोन वेगळे खेळ मागितलेले! म्हणजे पिशवी दिली आणि कापूर-जानवं तुमचं तुम्ही आणा. १९७७ मध्ये जे. एरिक होम्स यांनी नवशिक्यांसाठी संपादित केलेला बेसिक सेट आला, तेव्हा कुठे डब्याला डब्याचं रूप आलं. त्यातही गंमत अशी की पुढे फाशांचाच तुटवडा पडला, मग कंपनीने छापील आकड्यांचे तुकडे घातले. कापायचे, कपात टाकायचे, एकेक काढायचा. आपल्या सोसायटीतली हाउजीच की!

माझा जीव मात्र १९८३ च्या लाल बॉक्सवर. फ्रँक मेंट्झरचा. एका मित्राने अमेरिकेहून जुना आणला होता, कोपऱ्यांना चिकटपट्टी, आत कुण्या पोराने पेन्सिलने भरलेली कॅरेक्टर शीट. सोन्याची नाणी तीन वेळा खोडून वाढवलेली, लबाड! त्या सेटच्या फाशांवर आकडे नुसते कोरलेले असायचे, रंग नाही. सोबत मेणाचा खडू. तो आकड्यांवर घासायचा, वरचा पुसून टाकायचा, खाचेतला उरतो. विचार कर, खेळायच्या आधीच फासा तुझा झाला. आणि खेळाडूंच्या पुस्तकात आधी नियम नाहीतच. तू एकटाच गुहेत शिरतोस, ॲलीना नावाची एक भली बाई भेटते, जखम बरी करते आणि थोड्या वेळाने बार्गल नावाचा जादूगार तिला मारून टाकतो. वाचता वाचता तुला हल्ला कसा करतात ते कळलेलं असतं आणि बार्गलचा सूडही घ्यायचा असतो. तीनशे पानी पुस्तकाला हे जमत नाही, कारण त्याला सगळ्यांना सगळं सांगायचं असतं.

तोटे आहेत, नाही कशाला म्हणू. कुरिअरने माझ्या बॉक्सचा एक कोपरा चेपूनच दिला. तुकडे हरवतात. आणि २०१४ च्या स्टार्टर सेटची मजल पाचव्या लेव्हलपर्यंतच. पण तिथवर मुली पोचल्या तर जाडं पुस्तक माझंच घेऊन जा, तसंही धूळ खातंय. नाही पोचल्या तर कपाटात एक पातळ डबा राहील, व्यापारच्या डब्याशेजारी.

एक मात्र कर. २०१४ चा बॉक्स आला की ६४ पानी पुस्तक आधी काढून माळ्यावर टाक. चिनूच्या हाती लागलं तर एका रात्रीत वाचून काढेल आणि गॉब्लिन कुठे लपलेत ते सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटेल. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी येतोय. पाच कॅरेक्टरांत एक बुटका हाफलिंग चोर आहे, तो कुणाला देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, चिनूला पापा.

तुझाच,
बाळ्या