बातमी खिशात ठेवण्याविषयी

कोल्हापूर

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

समलिंगी खेळाडूंविषयीचे वार्तांकन यापुढे पूर्णवेळ करणार असल्याचे तुझे पत्र मिळाले. तीस वर्षे क्रीडा पानावर काढलेल्या मला या विषयाची काळजी नाही, घाईची आहे.

सिड झायग्लर आणि जिम बुझिन्स्की यांनी १९९९ मध्ये 'आउटस्पोर्ट्स' हे समलिंगी खेळाडूंविषयीचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत असताना स्वतःला जाहीरपणे समलिंगी म्हणवणारा एकही पुरुष नव्हता. पहिला, बास्केटबॉलपटू जेसन कॉलिन्स, पुढे आला तो २०१३ मध्ये. पुढल्याच वर्षी अमेरिकन फुटबॉलपटू मायकल सॅम आपण समलिंगी असल्याचे जाहीर करणार, हे झायग्लरला आधीपासून ठाऊक होते. त्याने ते पोटात ठेवले आणि सॅम 'न्यूयॉर्क टाइम्स' व 'ईएसपीएन'शी स्वतः बोलल्यावरच पडद्यामागची हकीकत लिहिली. आमच्या डेस्कवर याला बातमी घालवणे म्हटले असते.

त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, 'वॉशिंग्टन स्टार'च्या लिन रोझेलिनीने या विषयावर लेखमाला लिहिली होती. तीत एक फुटबॉलपटू नाव न देता बोलला होता. निवृत्त खेळाडू डेव्हिड कोपे याने वाचताच आपला जुना सहकारी ओळखला, आणि स्वतः त्या वर्तमानपत्राशी संपर्क साधून आपले नाव छापू दिले. तो सहकारी, जेरी स्मिथ, १९८६ मध्ये एड्सने गेला तरी जाहीरपणे कधी बोलला नाही. एकाच लेखमालेने एकाला वाचा दिली आणि दुसऱ्याचे मौन राखले, याचे मला फार अप्रूप वाटते.

पण नाव न छापणे म्हणजे माणूस झाकणे नव्हे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 'द डेली बीस्ट'च्या वार्ताहराने क्रीडाग्रामात डेटिंग अ‍ॅपवरून खेळाडूंच्या भेटी ठरवल्या आणि नावे गाळून लिहिले. खुणा मात्र इतक्या सोडल्या की समलिंगी संबंध जिथे गुन्हा आहे अशा देशातले खेळाडूही ओळखू आले असते. टीका होताच तो लेख काढावा लागला. हे वाचताना मला आमचा एक कबड्डीपटू आठवला. 'सूत्रांकडून समजते' असा मथळा मीच दिला होता; नाव नव्हते, पण तालुका होता, आणि तो डावा कोपरा सांभाळतो हेही होते. पुढच्या हंगामात तो मैदानावर दिसला नाही. मी चौकशीलाही गेलो नाही.

धावपटू द्युती चंदचे प्रकरण तुला आठवत असेलच. समलिंगी संबंध गुन्हा नाही या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर, मे २०१९ मध्ये, ती एका मुलीशी असलेल्या आपल्या नात्याविषयी बोलली, आणि थोरली बहीण धमकावून पैसे मागत असल्याने बोलावे लागल्याचेही तिने सांगितले. तेव्हा खेळाडू स्वतः बोलतो आहे एवढ्यावर थांबू नकोस. आत्ताच का, हेही विचार, आणि उत्तर छापण्याजोगे नसेल तर वहीतच राहू दे.

संपादक ज्या खेळाडूच्या मागे लागले आहेत, त्याचे नाव तू रविवारी फोनवर सांगणार होतीस. मलाही सांगू नकोस. आईचे लाडू कुरियरने निघाले आहेत.

तुझे,
बाबा