इंटरनेट जोडणी घेतल्यावर पहिले चौदा दिवस आमचे असू द्या: केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

वायर ओढायला आलेल्या मुलाने खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं, राउटर भिंतीला लावला आणि म्हणाला, "मॅडम, एक ओटीपी आला असेल बघा. तेवढा सांगा, लगेच चालू करून देतो." मी सहा आकडे वाचून दाखवले. ते सहा आकडे म्हणजे माझी सही होती, हे मला नवव्या दिवशी, जोडणी बंद करायला निघाले तेव्हा कळलं. सहा महिन्यांचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, ही अट मी त्या आकड्यांनी मान्य केली होती म्हणे. अटी कुठे होत्या, असं विचारलं तेव्हा लिंक पाठवली होती, असं उत्तर मिळालं. मी शोधली. लिंक होती, त्याच ओटीपीच्या मेसेजच्या शेवटी.

जोडणी का नको झाली तेही सांगते. पहिल्या दिवसापासून राउटरवरचा लाल दिवा दिवसातून पाच-सहा वेळा लागायचा. मुलीची ऑनलाइन परीक्षा दोनदा मध्येच तुटली. तिसऱ्या तक्रारीनंतर दुसरा तंत्रज्ञ आला, त्याने वायर काढून सिग्नलची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली आणि आकडा मला दाखवला: उणे 29, म्हणजे सिग्नल फार कमजोर. "हे उणे पंचवीसच्या आत पाहिजे. वायर कुठेतरी दबलीय, नाहीतर जॉइंट खराब आहे. बॉक्सपासून नवी लाइन ओढावी लागेल, ते माझ्या हातात नाही." तो खरं बोलला, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तो जिना उतरत असतानाच मला मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. लाल दिवा तेव्हाही लागलेलाच होता.

महोदय, माझं म्हणणं एवढंच आहे. इंटरनेटची जोडणी घरात आल्याशिवाय पारखता येत नाही. वेगाचा आकडा जाहिरातीत असतो, पण घरात काय मिळणार हे शेवटच्या काही मीटर वायरवर, एखाद्या जॉइंटवर, संध्याकाळी त्याच लाइनवर किती घरं येतात त्यावर ठरतं. म्हणजे ग्राहकाला खरी माहिती मिळते ती पैसे भरल्यानंतर. मग निर्णय बदलायची, म्हणजे जोडणी बंद करून उरलेले पैसे परत घ्यायची चौदा दिवसांची मुभासुद्धा त्यानंतरच हवी.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. विम्याची पॉलिसी हाती आल्यावर ती वाचून परत करता येते, 2024 च्या नियमांनी त्यासाठी 30 दिवस दिले आहेत. मोबाइलवरून घेतलेलं कर्जही सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय मिटवता येतं, ही तरतूद रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये केली. थेट विक्रीसाठीच्या 2021 च्या नियमांतही विचार बदलायला अवधी आहे. घरातल्या इंटरनेट जोडणीला मात्र असा सरसकट हक्क नाही. मुलांचा अभ्यास, बँक, नोकरी सगळं आज ज्या वायरीवर चालतं, तिलाच तो नसावा?

युरोपीय संघात घरी येऊन किंवा दुरून, म्हणजे फोनवर वा ऑनलाइन, केलेल्या करारातून 14 दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं. ग्राहकाच्या सांगण्यावरून सेवा आधीच सुरू झाली असेल, तर वापरलेल्या काळापुरतेच पैसे द्यावे लागतात. आणि हा हक्क आहे हे कंपनीने सांगितलंच नसेल, तर मुदत आणखी 12 महिने वाढते. मला हे कलम सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण लपवून ठेवण्यातला फायदाच त्याने संपतो. जपानने तर 2016 पासून दूरसंचार करारांसाठीच 8 दिवसांची तरतूद केली आहे आणि ते दिवस कराराचा कागद हाती पडल्यापासून मोजतात.

दाद मागायला जागा आहे, हे मला माहीत आहे. दूरसंचार सेवेचा ग्राहक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 रोजी स्पष्ट केलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्याही आहे. पण करारच अन्याय्य आहे अशी तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगात जावं लागतं. सहा महिन्यांच्या इंटरनेटच्या पैशांसाठी कोण जाईल? रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवणं हे 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक (ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहे, तरी माझ्या ॲपमध्ये प्लॅन वाढवायचं बटण पहिल्याच पानावर आहे आणि बंद करायचं कुठेच नाही. फोन केला की "आधी एक महिना फुकट देतो, बघा" असं सांगणाऱ्या माणसाकडे तो वळवला जातो. मला फुकट महिना नको होता.

कंपनीचा खर्च होतो, हे मला मान्य आहे. माणूस येतो, वायर लागते. तो खर्च आधी लेखी सांगून वेगळा घ्यावा, वापरलेल्या दिवसांचे पैसे घ्यावेत आणि बाकीचे परत करावेत. चौदा दिवस मोजायचे ते पैसे भरल्यापासून नाही, तर जोडणी खरोखर चालू होऊन अटी ग्राहकाच्या भाषेत हाती आल्यापासून. जोडणी चालू करण्याचा ओटीपी आणि करार मान्य करण्याचा ओटीपी एकच असू नये. ज्या ॲपवरून घेतली, त्याच ॲपवरून बंदही करता यावी. आणि राउटर परत केल्याची पावती त्याच वेळी मिळावी, नाहीतर तो न दिल्याची आकारणी मागाहून डोक्यावर बसते.

माझा राउटर पिशवीत घालून दाराशी ठेवलाय. प्रतिनिधी येईल असे तीन मेसेज आले, माणूस अजून आलेला नाही.

1997 च्या ट्राय कायद्यानुसार सरकार ट्रायकडून, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडून, शिफारशी मागू शकतं. या एका मुद्द्यावर आपण त्या मागाव्यात, ही विनंती. ओटीपीचा तो मेसेज, तिन्ही तक्रारींचे क्रमांक आणि उणे 29 दाखवणाऱ्या मीटरचा फोटो मी जपून ठेवला आहे. मागाल तेव्हा पाठवीन.

आपली विश्वासू,
एक ग्राहक