अभिप्रायाचा कागद म्हणजे मूल्यमापन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेवाकार्यांची परिणामकारकता मोजायला कार्यकर्त्यांनी कसे शिकावे, याविषयीचा कालच्या अंकातील लेख वाचला. समुपदेशन केंद्र, व्यसनमुक्तीचा गट, वृद्धांकडे होणाऱ्या गृहभेटी अशी परस्परांशी फारसे साम्य नसलेली कामे एकाच तक्त्यात बसवण्याची हातोटी मोजक्या सत्रांत अंगी बाणवता येते, असे लेखक म्हणतात. तसे होत असेल तर आनंदच आहे. परंतु त्या प्रशिक्षणाच्या यशाचा पुरावा म्हणून लेखाच्या शेवटी एवढेच सांगितले आहे की, जवळपास सर्व प्रशिक्षणार्थींनी समाधान व्यक्त केले. मूल्यमापन शिकवणाऱ्या वर्गाचेच मूल्यमापन इतक्या स्वस्तात उरकता येत असेल, तर त्या वर्गात नेमके काय शिकवले गेले असावे, हा प्रश्न लेखकाला पडला नाही. आणि तो आपल्या संपादकीय विभागालाही पडू नये, याचे सखेद आश्चर्य वाटते.

मी याच क्षेत्रात नोकरी करते आणि अशाच एका कार्यशाळेला बसून आले आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण तिथे जे घडले ते इतरत्रही सर्रास घडते. समारोपाच्या सत्रात, प्रमाणपत्रे वाटण्यापूर्वी, एक छापील कागद हाती देण्यात आला आणि तो भरून दिल्याखेरीज प्रमाणपत्र मिळणार नाही, असे हसत हसत सांगण्यात आले. ‘कार्यशाळा कशी वाटली?’ या प्रश्नापुढे तीन चौकटी होत्या : अत्युत्तम, उत्तम आणि चांगली. चौथी चौकट नव्हती. नाव लिहिण्याची रेघ मात्र ठळक होती. मी तिन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि समासात लिहिले की, ‘आज काही सांगता येणार नाही, सहा महिन्यांनी आमच्या केंद्राच्या नोंदवह्या येऊन पाहा आणि मग विचारा.’ यथावकाश गुळगुळीत कागदावर छापलेला रंगीत अहवाल आला. त्यात ‘सहभागींच्या सूचना’ या मथळ्याखाली माझे वाक्य असे उमटले होते : ‘दर सहा महिन्यांनी अशी कार्यशाळा घ्यावी, अशी सहभागींनी आग्रही मागणी केली.’ शेजारच्या वर्तुळालेखात असमाधानी लोकांसाठी रंगच ठेवलेला नव्हता. मला कोणत्या रंगात घातले, हे विचारणारे रीतसर पत्र मी संस्थेला पाठवले. त्याचे उत्तर म्हणून पुढच्या कार्यशाळेचे निमंत्रण आले.

एका कागदावरून एवढा त्रागा कशाला, असे कोणी म्हणेल. त्रागा अशासाठी की, वर्गात जे पाहतो तेच आम्ही आपापल्या केंद्रात नेतो आणि मदतीसाठी आलेल्या माणसांपुढे तसलाच कागद सरकवतो. प्रशिक्षणाचे मूल्यमापन प्रतिक्रिया, प्रत्यक्ष शिकणे, कामाच्या ठिकाणी वागण्यात झालेला बदल आणि त्याचे परिणाम अशा चार पातळ्यांवर करावे, ही प्रशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची मांडणी १९५९ सालची आहे. ती आम्हाला पडद्यावर व्यवस्थित दाखवण्यातही आली होती. दाखवून झाल्यावर आमचे मात्र पहिल्याच पातळीवर भागवण्यात आले.

लाभार्थी खूश आहेत, याचा अर्थ त्यांचे भले झाले, असे गृहीत धरणाऱ्यांनी एक जुना प्रयोग मुळातून अभ्यासावा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल येथे, मुले गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून, डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने १९३९ साली एक कार्यक्रम सुरू झाला. वय, स्वभाव आणि घरची परिस्थिती यांतील साम्य पाहून ५०६ मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या आणि जोडीतील कोणाला मदत मिळणार, हे नाणे उडवून ठरवण्यात आले. समुपदेशक मुलांच्या घरी जात, अभ्यासात मदत करत, गरज पडल्यास दवाखान्याची व्यवस्था करत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. आणि हे सारे १९४५ पर्यंत चालले. तीस वर्षांनंतर गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅकॉर्ड यांनी त्या मुलांचा, म्हणजे तोवर चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांचा, माग काढला. त्यांचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांनी, त्या कार्यक्रमाचा आपल्याला उपयोग झाला, असे सांगितले होते. नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या. गुन्ह्यांच्या बाबतीत मदत मिळालेला गट मुळीच सरस ठरला नाही. उलट वारंवार गुन्हा करणे, मद्यासक्ती, गंभीर मानसिक आजार आणि अकाली मृत्यू यांचे प्रमाण त्याच गटात अधिक निघाले. आमच्या कार्यशाळेतल्या पद्धतीने पाहिले असते, तर त्या दोनतृतीयांशांच्या यशोगाथांची एक देखणी पुस्तिका निघाली असती आणि कार्यक्रम आणखी दहा शहरांत नेण्यात आला असता. मॅकॉर्ड यांना सत्य कळले ते जोडीतला दुसरा मुलगा नोंदीत होता म्हणून. त्याच्याविना त्यांच्याही हाती कौतुकाचे बोलच राहिले असते.

हा दुसरा मुलगाच कालच्या लेखात कुठे नाही. मदत मिळाली नसती तर काय झाले असते, हा मूल्यमापनाचा पहिला प्रश्न. लेखात मात्र ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढ्या दोनच मोजण्यांवर सगळा डोलारा उभा आहे. आमच्या केंद्रात माणूस पहिल्यांदा पायरी चढतो तो बहुधा सगळे उपाय थकल्यावर, घरच्यांनी हात टेकल्यावर. त्या दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत त्याचे आकडे वाईटच येणार. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, तर आपण काहीही केले नसले तरी ते आकडे थोडेफार सावरलेले दिसण्याची शक्यता असते, कारण टोकाला गेलेली गोष्ट पुष्कळदा आपोआपच मधल्या पातळीकडे परतते. हे सावरणे वजा केल्याखेरीज समुपदेशनाचे श्रेय किती आणि काळाचे किती, हे कोणालाही सांगता येणार नाही. आमच्याकडे जागेअभावी प्रतीक्षायादी असते. तीतील लोकांची नोंद ठेवून तुलना करता येईल का, असे मी कार्यशाळेत विचारले होते. ते संशोधकांचे काम आहे, कार्यकर्त्यांनी त्यात पडू नये, असे उत्तर मिळाले.

तुलनेसाठी काहींची मदत रोखून धरायची हे अमानुष नव्हे काय, हा यावरचा नेहमीचा आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु सर्वांना एकाच वेळी पुरेल एवढा निधी मुळातच नसतो, तेव्हा कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे ठरवावेच लागते. मेक्सिकोच्या सरकारने १९९७ साली गरीब कुटुंबांसाठी सुरू केलेल्या ‘प्रोग्रेसा’ योजनेत मूल्यमापनासाठी निवडलेल्या गावांपैकी ३२० गावांना आधी आणि १८६ गावांना नंतर सामावून घेतले आणि हा क्रम सोडतीने लावला. मधल्या काळात तुलना झाली आणि थांबलेली गावेही पुढे योजनेत आली. आमच्या प्रतीक्षायादीचा क्रम सध्या कोणाची कोणाशी ओळख आहे, यावर लागतो. त्यापेक्षा सोडत अधिक अमानुष ठरेल, असे मला वाटत नाही.

टक्केवारी काढताना कोणत्या संख्येने भागायचे, या छेदाच्या गोंधळाबद्दल तर लिहावे तेवढे थोडे. समजा, शंभर जणांनी नाव नोंदवले, साठ जण मधूनच निघून गेले आणि उरलेल्या चाळीसांपैकी तीस जण सुधारले. आम्हाला शिकवलेल्या रीतीने यश पंचाहत्तर टक्के, कारण ‘उपक्रम पूर्ण करणारे’ तेवढेच धरायचे. नाव नोंदवलेल्या सर्वांचा हिशेब मांडला तर ते तीस टक्के होते. निघून गेलेल्या साठांना एक दूरध्वनी करून कारण विचारावे, हा माझा प्रस्ताव ‘कार्यकक्षेबाहेरचा’ ठरला. वास्तविक कार्यक्रमात काय बिघडले आहे, हे सांगू शकणारी माणसे तीच असतात.

कार्यशाळेत वृद्धांना घरी जाऊन भेटणाऱ्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या होत्या. त्यांनी विचारले, “आमच्या आजी काही आता बऱ्या व्हायच्या नाहीत. माझ्या भेटीच्या दिवशी त्या केस विंचरून, दाराकडे तोंड करून बसलेल्या असतात. हे कुठल्या रकान्यात लिहू?” प्रशिक्षकांनी क्षणभर तक्त्याकडे पाहिले आणि त्याची यशोगाथा करून फोटोसह पाठवा, असे सुचवले. आजी केस विंचरतात की नाही, आठवड्यातून कितीदा विंचरतात आणि भेट नसलेल्या दिवशी काय करतात, हे सहज नोंदवता येण्यासारखे आहे आणि कदाचित त्या कामाचा तोच सर्वांत प्रामाणिक निर्देशक असेल, हे तिथे कोणाच्याही तोंडून निघाले नाही. आकड्यांना नाके मुरडणाऱ्यांच्या बाजूने मी हे लिहीत नाही. काय मोजायचे, हे ज्याच्या समोर ती आजी बसलेली असते त्याला विचारून ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. याच विषयावर मी पूर्वी आपणास पाठवलेल्या पत्रातील आरंभीचा सौजन्याचा परिच्छेद तेवढा छापून पुढचे सारे गाळण्यात आले होते आणि परिणामी मी ज्या उपक्रमावर टीका केली, त्याच्या संचालकांनी मला आभाराचा संदेश पाठवला. जागेची अडचण मी समजू शकते. परंतु कालच्या लेखासोबत प्रमाणपत्र वितरणाचे जे तीन स्तंभ रुंदीचे छायाचित्र आहे, त्यात माझ्या दोन पत्रांची सोय सहज झाली असती.

आपल्या प्रतिनिधीने आता त्या प्रशिक्षण संस्थेकडे पुन्हा जावे, ही विनंती. प्रशिक्षणाला किती जणांनी नाव नोंदवले आणि शेवटच्या सत्राला किती उरले, हे विचारावे. प्रशिक्षण घेतलेल्या एखाद्या तरी केंद्राने त्यानंतर आपला एखादा उपक्रम बदलला किंवा निरुपयोगी ठरला म्हणून बंद केला का, हेही विचारावे. अभिप्रायाचा कोरा नमुनाही मागून घ्यावा आणि त्यावर किती चौकटी आहेत, हे छापावे. त्यासाठी छायाचित्राची आवश्यकता नाही.

आपली,
एक नियमित वाचक