डॅशबोर्डवरचं संत्रं

काका, नमस्कार.

हे पत्र तुम्हाला नातूच वाचून दाखवेल. त्याला सांगून ठेवते, मधलं काही गाळू नको.

लायसन्स माझ्याकडे आधीच होतं. तालुक्याच्या क्लासात पंधरा दिवस घालवले, टेस्टही पास झाले. पण त्या गाडीत मास्तरांच्या पायाशीसुद्धा क्लच-ब्रेक होते आणि क्लच तेच दाबायचे. मी नुसतं स्टिअरिंग फिरवलं. घरची गाडी हाती आली तशी ती बेडकासारखी उड्या मारायला लागली. चांदूर बाजारच्या चौकात तीनदा बंद पडली. मागे हॉर्न, समोर टपरीवर सगळी ओळखीची तोंडं. त्या दिवशी चावी खुंटीला टांगली, ती दोन वर्षं.

तुम्ही पिकअपमध्ये मृग बहराच्या संत्र्यांच्या क्रेट लावत होता. ऐकलंत आणि म्हणालात, "उद्या सकाळी बाजाराच्या पटांगणात ये. अ‍ॅक्सिलरेटरले पाय लावाचा नाही."

मला वाटलं, थट्टा करून राहिले. पण दोन दिवस खरंच नुसता क्लच. पहिला गिअर टाकायचा, पाय हळू वर घ्यायचा. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तिथे थांबायचं. गाडी आपोआप सरकते. "इंजिन चालता बैल हाय, चाक बसलेला. एकदम ओढशीन त बिथरन. बसल्याले उठू दे ना आधी." हाफ क्लच हा शब्द क्लासातही ऐकला होता; कळला तो तिथे.

तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर संत्रं आलं. पडलं की ते तुम्ही सोलून खायचं, असा तुमचा नियम. पहिल्या सकाळी सात खाल्लीत. गाडी तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आली की ते हमखास घरंगळायचं. खालच्या गिअरात तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त फिरावं लागतं, म्हणून क्लच सोडण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबायचा, हे तुम्ही सांगितलं नाही, कानाने शोधायला लावलंत. आठव्या दिवशी तुम्ही उपाशी घरी गेलात.

मग चिखलदऱ्याचा घाट. "ज्या गिअरात चढशीन त्याच गिअरात उतर. न्यूट्रल नाही." डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना तुम्ही काय म्हणता ते इथे लिहीत नाही, नातू वाचतो आहे. पण ब्रेक तापून वास मारणारी एक गाडी तुम्ही मुद्दाम थांबून दाखवलीत.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आई. मागच्या महिन्यात अमरावतीला तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं. परत मीच आणली. रस्ता तुम्हाला माहीतच आहे, प्रत्येक खड्ड्याला दुसरा गिअर. तिवशाची मावशी मागे तिचा हात धरून बसली होती. अंगणात इंजिन बंद केलं तेव्हा आईचे डोळे उघडले. "काहून थांबली वं?"

रिव्हर्सचं मात्र अजून तसंच आहे. तुमच्या फाटकाच्या खांबाला लागलेला पांढरा रंग माझ्याच गाडीचा. ट्रॅक्टरवाल्याला उगाच बोलू नका. पोळ्याच्या आधी येऊन खांब रंगवून देते.

तुमची,
सात संत्र्यांची देणेकरी