फोन ठेवायची घाई

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न.

आई, काल बाबांनी थायरॉइडच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. टीएसएच ४८, हवं साधारण ४ च्या आत. दिवाळीपासून तू फोनवर एकेक शब्द ओढत बोलून राहिली होतीस आणि मी मनात धरलं, भाऊबीजेला आले नाही म्हणून रुसलीस. मग मीही दोन मिनिटांत ‘ठेवते गं’ म्हणायची. तुला बोलायलाच जड जात होतं, हे मला कळलंच नाही.

डॉक्टरांशी मी सविस्तर बोलले. थायरॉइड मंदावलं की स्वरतंतूंमध्ये पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ साचतो, तंतू सुजून जाड होतात. तुझ्या तंबोऱ्यात खर्जाची तार जाड असते ना, तसंच. आवाज खाली उतरतो, घोगरा होतो, लवकर थकतो. जीभही जड होते, म्हणून शब्द सावकाश. संत्र्यांनी घसा बसला हे बाबांचं म्हणणं मनावर घेऊ नकोस, खुशाल खा.

आता रागावू नकोस. मंडळाच्या काकूंना मी परस्पर फोन केला. रामनवमीला यंदा तू पुढे गाणार नाहीस, टाळ धरशील. तुला विचारलं असतं तर ‘एवढ्याने काय होते’ म्हणून तू गायलीच असतीस, आणि सुजलेल्या गळ्यावर जोर लावलास की तो आणखी बसतो. काकूंना बजावलंय, जागा तुझीच आहे. पेटी तुझ्याच खोलीत राहील, बाबा खोळ काढून पुसत जातील.

दिवेलागणीला तू गच्चीवरून हाक मारायचीस आणि मी चिटणीस पार्कातून डाव अर्धा टाकून पळत यायची. सगळ्या गल्लीला ऐकू जायची ती हाक. मला ती परत ऐकायची आहे गं.

बाबा, हे तुमच्यासाठी. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याने. चहा तासाभराने, आणि तुम्हीही तोवर थांबा, तुमच्या कपाचा वास आला की तिला राहवत नाही. कॅल्शियमची गोळी आता रात्री जेवणानंतर, दोन्हींत चार तास हवेतच. वयाचा विचार करून थायरॉइडचा डोस कमी ठेवलाय, हृदयावर ताण नको म्हणून. आपल्या मनाने वाढवायचा नाही, बरं वाटलं तरी बंद करायचा नाही. सहा आठवड्यांनी परत रक्त. डबी खिडकीत ठेवू नका, ऊन तापायला लागलं. छातीत धडधडलं किंवा ती फार गुंगीत दिसली, तर माझ्या फोनची वाट न बघता दवाखाना गाठा.

धंतोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे. आवाज इतके दिवस बसला की स्वरतंतू दुर्बिणीने बघून घेतात, घाबरू नका. मी शुक्रवारी सकाळी पोचते. स्टेशनवर येऊ नका, पण पोह्यांवर हिरवागार सांबार भरपूर चिरून घाला.

आई, आवाज सुटायला काही आठवडे लागतील, कदाचित महिनेही. तू सावकाश बोल. मी फोन ठेवणार नाही.

तुझी,
बबी