मंत्रिमहोदय, दक्षिण सुदानमध्ये आपले जवान कोणत्या कराराची राखण करत आहेत?

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

दक्षिण सुदानमध्ये निवडणुकीची तारीख 22 डिसेंबर 2026 अशी ठरली आहे. 9 जुलै 2011 रोजी हा देश सुदानपासून वेगळा झाला, आणि तेव्हापासून तिथे एकही सार्वत्रिक निवडणूक झालेली नाही. 2022 मध्ये हंगामी सरकारची मुदत 24 महिन्यांनी वाढवली, 2024 मध्ये पुन्हा 24 महिन्यांनी. यादवी युद्ध थांबवण्यासाठी झालेल्या 2018 च्या शांतता करारावर सह्या करणाऱ्यांतले दोन मुख्य नेते आज कुठे आहेत पाहा. सल्वा कीर राष्ट्राध्यक्षपदावर आहेत. विरोधी सैन्याचे नेते रिएक माचार मार्च 2025 पासून नजरकैदेत आहेत, आणि त्याच वर्षी त्यांच्यावर खून व देशद्रोहाचे आरोप ठेवून खटला उभा केला गेला. करार अजून जिवंत आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

हे आपल्याला लिहितो, कारण त्या देशात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले जवान आहेत. 9 एप्रिल 2013 ला जोंगलेईत दबा धरून झालेल्या हल्ल्यात आपले 5 जवान गेले. त्याच वर्षी डिसेंबरात अकोबोच्या तळावर आसऱ्याला आलेल्या लोकांचे रक्षण करताना आणखी 2 गेले. लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर 2019 पासून 2022 पर्यंत तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख होते. मलाकालला आपले रुग्णालय चालते, गुरांवर उपचार करणारे आपले पथकही तिथे असते. गुरे हीच त्या लोकांची ठेव, वधूमूल्य आणि भांडणाचे मूळ असल्यामुळे त्या कामाचे मोल मोठे आहे. जवानांनी आपले काम चोख केले. सरकारी काम कोण करणार?

कराराचे दुसरे प्रकरण एकदा वाचून पाहा. त्यात क्रम स्पष्ट आहे. दोन्हीकडच्या सैनिकांना ठरलेल्या तळांवर गोळा करायचे, नोंद व छाननी करायची, एकत्र प्रशिक्षण द्यायचे, मग एकत्र तैनात करायचे. 83,000 जणांचे हे सैन्य 8 महिन्यांत तयार व्हायचे होते. पहिली तुकडी प्रशिक्षण संपवून बाहेर पडली ऑगस्ट 2022 मध्ये, म्हणजे जवळपास 4 वर्षांनी.

हे का घडले? तळावर माणूस दोन वेळचे जेवण, औषधपाणी आणि पगार यांवर टिकतो. तिन्ही नव्हते. लोक अन्न शोधायला तळ सोडून गेले, आणि पुन्हा आपल्या जुन्या कमांडरच्या दाराशी गेले, कारण जेवायला तोच घालत होता. कमांडरांनीही अनुभवी माणसे स्वतःजवळ ठेवली आणि तळावर नवी पोरे पाठवली. हत्यारेही पुरेशी मिळाली नाहीत. म्हणून प्रशिक्षणात लाकडी बंदुका खांद्यावर घेऊन कवायत झाली. वरच्या हुद्द्यांची सरकार आणि विरोधक यांच्यात 60-40 वाटणी ठरली एप्रिल 2022 मध्ये. वरचे हुद्देच वाटले नसताना खालचा शिपाई कोणाचा हुकूम मानणार होता?

पगार का नव्हता, याचे उत्तर तेलात आहे. फाळणीत तेलाच्या विहिरी बहुतांश दक्षिणेकडे गेल्या, पाइपलाइन आणि बंदर उत्तरेकडे राहिले. पालोच या तेलक्षेत्राचे तेल मेणकट असते. वाटेतल्या पंपिंग स्टेशनांवर ते तापवत राहिले नाही तर नळीतच गोठते. तापवायला डिझेल लागते. सुदानच्या युद्धात डिझेल पोहोचेना, तेल गोठले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नळी फुटली. सरकारची जवळजवळ सगळी कमाई तेलावर, त्यातला मोठा भाग याच नळीतून. शिक्षक, परिचारिका, शिपाई महिनोन्‌महिने पगाराविना राहिले.

पण नळी चालू होती तेव्हा तरी पैसा कुठे गेला? तेलाच्या कमाईतले तेल उत्पादक राज्यांना 2 टक्के आणि तिथल्या लोकांना 3 टक्के, असा कायदा आहे. ज्यांच्या रानात विहिरी आहेत त्यांचे पाणी तेलाने नासले. तेल हाती येण्याआधीच विकून कर्ज उचलले. कराराचे चौथे प्रकरण सांगते की तेलाची सगळी रक्कम एकाच खात्यात जमा व्हावी आणि या कर्जांची तपासणी व्हावी. ओएनजीसी विदेश ही आपली सरकारी तेल कंपनी 2003 मध्ये सुदानच्या तेलात भागीदार झाली. मग हे खाते उघडे करा, हे भारताने मोठ्याने का म्हणू नये?

2015 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने 10 राज्यांची 28 केली, 2017 मध्ये 32, आणि 2020 मध्ये पुन्हा 10 करून वर 3 प्रशासकीय प्रदेश ठेवले. प्रत्येक वेळी हद्दी बदलल्या, कुरणे दुसऱ्या राज्यात गेली, माणसे मेली. राज्यकारभाराची सुधारणा म्हणजे अशी हद्द एका सहीने हलवता न येणे. दोन्ही देश हक्क सांगतात त्या सीमेवरच्या अबिये प्रदेशाचे सार्वमत जानेवारी 2011 मध्ये व्हायचे होते, ते आजतागायत झालेले नाही. उत्तरेकडून गुरे घेऊन हंगामापुरते येणाऱ्या मिसेरिया जमातीला मत द्यायचे की नाही, एवढ्या एका प्रश्नावर ते अडले. उत्तर-दक्षिण युद्ध थांबवणाऱ्या 2005 च्या करारात हे मोघम सोडणाऱ्यांना घाई होती. मोठ्या देशांना सही हवी असते, छायाचित्र हवे असते. अंमलबजावणीचा खर्च निघाला की तीच मंडळी हात वर करतात. ऑक्टोबर 2025 मध्ये पैसा नाही म्हणून संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेना सुमारे 25 टक्क्यांनी कमी करायचे जाहीर केले. सैनिक पाठवणाऱ्या देशांची देणी थकतात, आणि मोहिमेचा आदेश मात्र सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य लिहितात. ही व्यवस्थाच आम्हाला मान्य नाही.

आपल्याकडून तीन गोष्टी हव्यात. सैन्य एकत्र होऊन त्याचा पगार सुरू झाल्याशिवाय निवडणूक झाली, तर हरणारा पक्ष पुन्हा बंदूक उचलेल, हे न्यूयॉर्कमध्ये स्पष्ट बोला. ओएनजीसी विदेशने तिथल्या सरकारला दिलेल्या रकमा वर्षागणिक जाहीर करा. आणि शांतिसेनेत कपात झाल्यावर आपले किती जवान कोणत्या तळावर राहतील, संकटात त्यांना बाहेर काढायचे हेलिकॉप्टर कुठून येणार, हे संसदेत सांगा. पुढची तुकडी मलाकालला निघण्याआधी सांगा.

आपला,
एक नागरिक