रोलीला एकटा जाऊ नकोस

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच आपटला, तेव्हा आधी लिहायचं ते मीच. डिसेंबरात एकटा तुमच्या कॅनडातल्या त्या ओस पडलेल्या रोली गावाला, बर्फातले फोटो काढायला जाणार म्हणालास आणि माझं डोकं फिरलं. आता त्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.

जुलैत आपण तिथे गेलो होतो, तो शनिवार डोळ्यांसमोरून जात नाही. गावात उरलेली मूठभर माणसं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पिझ्झे विकतात आणि त्या पैशांतून जुनी घरं सावरून धरतात. एरवी चिटपाखरू नाही. धान्याची ती तीन उंच लाकडी कोठारं, स्टेशन आहे पण रूळ नाहीत. मी उगाच घड्याळ पाहिलं, तू हसलास. बत्तीस वर्षं आपल्या शकुंतला रेल्वेवर गार्ड होतो रे, हात आपोआप जातो.

आमच्याकडे कापूस, तिकडे गहू. तूच सांगितलंस, १८७२ च्या कायद्याने १० डॉलर भरले की १६० एकर मिळायचे. अट अशी की तीन वर्षं तिथे राहून जमीन कसायची. घोडागाडीने गहू स्टेशनाजवळच्या कोठारात घालून दिवसाउजेडी घरी परतता यावं म्हणून ८-१० मैलांवर एकेक स्टेशन. पुढे ट्रक आले, सडका झाल्या, त्या मैलांचा हिशोबच संपला. रेल्वेने फाटे बंद केले. रुळांसाठी जन्मलेली गावं, रूळ गेल्यावर काय करणार! मूर्तिजापुरातही आपल्या रुळांवर गवत वाढलंय. तू कधी विचारलं नाहीस.

त्या लोकांनीसुद्धा दिवसाउजेडी परतायचा हिशोब ठेवला होता, एवढंच म्हणतो. डिसेंबरात तिथे साडेचारला अंधार पडतो. उणे तीसमध्ये गाडी बंद पडली तर? भर जुलैत माझ्या फोनची रेंज गेली होती.

झालं पुन्हा सुरू. माफ कर. तुझे फोटो वाचनालयात सगळ्यांना दाखवले, दोनदा. पण मीनल गेल्यापासून तुला रिकामी गावंच का आवडायला लागली, हे विचारायचं होतं. विचारलं भलतंच.

माईची गोधडी पार्सल केली आहे. पलंगावर नको, गाडीत ठेव. निघालास की वेळ कळव, मी वहीत लिहीन. पोचल्याची वेळ लिहायला खालची ओळ कोरी ठेवतो. इकडे मध्यरात्र असली तरी फोन कर.

तुझे,
बाबा